बीपीमुळे अंगावरून वारं गेलं असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं?

नुसत्या बीपीवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत, त्यात उच्च रक्तदाब नाही. बीपीने किडनी निकामी झाली, तर तीही त्या यादीत नाही. मात्र अंगावरून वारं जाऊन हात-पाय लुळा पडला, वाचा गेली किंवा नजर कायमची अधू झाली, तर अर्ज करता येतो. डॉक्टर मोजतात ती शरीरात राहिलेली उणीव. बीपीचे आकडे नव्हेत.

आईच्या वेळी आम्ही चौथ्याच महिन्यात गेलो आणि परत आलो. लकव्याची तपासणी साधारण सहा महिन्यांनी होते, कारण तोवर हाता-पायांत सुधारणा होत असते. नेमकी वेळ डॉक्टर ठरवतात. तोवर फिजिओथेरपी सोडू नका.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी वेबसाइटवर भरायचा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि सही किंवा अंगठा एवढं लागतं. रुग्णालय तिथेच निवडायचं. पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. मग दिव्यांग तपासणीचा वार कोणता ते त्या रुग्णालयात विचारून घ्या, सगळीकडे तो वेगळा असतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. जुना हस्तलिखित दाखला असला तरी पोर्टलवर नोंद करावी लागते.

तपासणीत शर्टाची बटणं लावणं, पाण्याचा पेला तोंडाशी नेणं, नाडी बांधणं अशा साध्या गोष्टी पाहतात. इथेच आपली माणसं फसतात. घरी आईला पदर खोचून द्यावा लागायचा, पण डॉक्टरांसमोर ती ताठ बसून म्हणाली, "जमतंय की मला." मी शेजारून खरं सांगितलं. तुम्हीही सांगा, रोज सोबत असणारंच माणूस न्या.

हाताचं आणि वाचेचं दोन्ही नुकसान असेल, तर दिव्यांगत्वाच्या टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. 45 आणि 30 मिळून 75 नव्हे, 60 होतात. त्याचंही सूत्र ठरलेलं आहे, म्हणून कमी दिले असं वाटून तिथे वाद घालू नका. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. प्रमाणपत्रासोबत दिव्यांग ओळखपत्राचं कार्डही येतं: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 ला पिवळं आणि 80 पासून निळं. प्रमाणपत्रावर मुदत लिहिली असेल, तर ती संपायच्या आत फेरतपासणी करून घ्या.

पुढचं काम म्हणजे दरमहाच्या अनुदानाचा अर्ज, तो तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. 65 वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार अनुदान योजना, त्यापुढे श्रावणबाळ योजना. महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना 2,500 रुपये मिळतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात.