कोराडीची राख, रक्तातली साखर आणि झाडपाल्यातली औषधी द्रव्यं

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. १९५८ पासून नागपुरात काम करणाऱ्या पर्यावरण संशोधन संस्थेला ‘नीरी’ हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी. धूर आणि धुराचा अभ्यास असे या शहरात शेजारी-शेजारी वाढले. पण तेव्हा धूर म्हटलं की खोकला आणि दमाच आठवायचा. मधुमेहाचं खापर गोड खाणं, बैठं काम आणि आनुवंशिकतेवर फुटायचं.

ही समजूत हलायला २००१ साल उजाडलं. शिकागो परिसरातल्या वृद्धांच्या नोंदी तपासताना दिसलं, की हवेतले कण वाढले की हृदयविकारानं दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण मधुमेहींमध्ये इतरांच्या जवळपास दुप्पट वाढतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोतल्या संशोधकांनी चरबीयुक्त खाद्यावर वाढवलेल्या उंदरांना बारीक कणांच्या हवेत ठेवलं. त्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम आणखी बिघडलं. मग २०२३ मध्ये दिल्ली-चेन्नईतल्या बारा हजारांवर लोकांच्या पाहणीतून आपल्याकडचाच पुरावा आला: बारीक कण जास्त तिथे उपाशीपोटीची साखर जास्त, मधुमेहाचा धोकाही जास्त.

हे घडतं कसं? अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथल्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण अनेकदा पचवू शकत नाहीत. त्या दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. ती रक्तात उतरली की यकृत, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मधुमेहीच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशींना इजा करणारे रेणू साचणं) आधीच असतो, त्यात ही भर.

ही हानी वनस्पतींतली द्रव्यं थोपवतील का? हा वनस्पतींचा धागा याहून कितीतरी जुना. हळदीतलं कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं हेस्पेरिडिन १८२८ मध्ये. आपण संत्रं सोलताना ज्या पांढऱ्या शिरा ओढून फेकतो, त्यांतही हेस्पेरिडिन भरपूर असतं. मधुमेहाची सर्वांत परिचित गोळी, मेटफॉर्मिन, हीसुद्धा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्याचा माग काढतच हाती आली. ते द्रव्य विषारी होतं. त्याच्या जातीतलं सौम्य रसायन, म्हणजेच मेटफॉर्मिन, १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ मध्ये पॅरिसमध्ये औषध ठरलं.

धूर आणि वनस्पती या दोन धाग्यांना जोडणारा दुवा सापडला तो १९९० च्या दशकात. १९९२ मध्ये अमेरिकेत पॉल टॅलले यांच्या प्रयोगशाळेनं ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे द्रव्य शोधलं. पुढे जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटानं पेशीतली ‘एनआरएफ२-कीप१’ ही प्रथिनांची जोडी उलगडली. एरवी कीप१ हे प्रथिन एनआरएफ२ ला बांधून ठेवतं. सल्फोराफेन कीप१ ला चिकटलं की एनआरएफ२ मोकळं होऊन केंद्रकात शिरतं आणि विष निकामी करणारी विकरं (एन्झाइम) बनवायला लावतं. डिझेलच्या धुरातल्या कणांचा मारा झालेल्या उंदरांवर कर्क्युमिन आणि कलौंजीतलं थायमोक्विनोन वापरलं तेव्हाही हानी कमी दिसली.

माणसांवरचा ठळक प्रयोग २०१४ चा, चीनमधल्या चिदोंगचा. २९१ जणांपैकी काहींनी बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय घेतलं, बाकीच्यांनी त्याशिवायचं नकली पेय. हवेतून अंगात गेलेलं बेंझिन हे विषारी रसायन लघवीवाटे बाहेर पडण्याचं प्रमाण कोंबांचं पेय घेणाऱ्यांत ६१ टक्क्यांनी वाढलं. आशा वाटावी असाच हा निकाल. मात्र भाग घेणारे निरोगी होते आणि मोजमाप लघवीतल्या रसायनांचं होतं, साखरेचं नव्हे. तेवढ्या आधारावर मधुमेहींना ‘प्रदूषणापासून संरक्षण’ म्हणून कॅप्सूल विकणं मला अजिबात पटत नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं, आणि कारलं-मेथीचे अर्क मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतले तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांना सांगूनच घ्यावेत. कोराडी आणि खापरखेडा या वीजकेंद्रांभोवतीच्या गावांत तर राख उडू न देणं हाच पहिला उपचार आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखबंधाऱ्याला (वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या तळ्याच्या बांधाला) भगदाड पडून ती राख शेतांत आणि नाल्यांत शिरली होती.