बकेट सीट आणि कमरेची दोन हाडं

"बकेट सीट बसवली की गाडी दुप्पट सेफ होते." स्पोर्ट्स कार हौसेनं सजवणाऱ्या, किंवा घरच्याच हॅचबॅकला रेसचं रूप देणाऱ्या मंडळींत हे वाक्य आता चांगलंच रुळलंय. रेसची खोलगट सीट, रेसचा चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे धडक झाली तरी रेसरसारखं चालत बाहेर यायचं, असा सरळ हिशोब असतो. हिशोब चुकतो कुठे, हे कळायला नववी-दहावीतलं बलाचं गणित पुरेसं आहे.

आधी बकेट सीट मुळात कशासाठी असते ते पाहू. ४० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किलोमीटर वेगानं घेतलं, तर गाडी सुमारे ७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणानं आत वळत असते. ७५ किलोच्या चालकाला आत वळवायला सुमारे ५२० न्यूटन बल लागतं. म्हणजे ५३ किलोचा माणूस बाजूनं रेलून बसल्याइतका रेटा. साध्या सीटची कड हा रेटा घेऊ शकत नाही. मग चालक उजवा गुडघा दाराला टेकवतो, डावा पाय फ्लोअरला रोवतो आणि उरलेला भार स्टीअरिंगला लोंबकळून पेलतो. लोंबकळणाऱ्या हाताला पुढच्या टायरची पकड सुटतेय का, हे कळत नाही. बकेट सीटची उंच कड हा रेटा बरगड्यांवर आणि मांडीवर घेते आणि हात मोकळे होतात. सीटचं खरं काम एवढंच आहे, आणि ते ती उत्तम करते.

वजन कमी होऊन पिकअप वाढतो म्हणतात, त्यात फारसा दम नाही. फायबरग्लासची सीट कंपनीच्या सीटपेक्षा पुष्कळ हलकी असते खरी, पण तिच्याखालचा लोखंडी ब्रॅकेट आणि सीट सरकवायची रेल त्यातलं बरंचसं वजन परत आणतात. १,२०० किलोच्या गाडीत १० किलो कमी झाले तर १ टक्कासुद्धा होत नाही.

आता धडक. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. बॉनेट चेपून आणि पट्टा ताणला जाऊन चालकाला थांबायला एकूण ६० सेंटीमीटर मिळाले असं धरू. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे १६१ मीटर प्रति सेकंद वर्ग, सुमारे १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट. ७५ किलोच्या माणसावर १२ किलोन्यूटन. माणसं भरलेल्या एखाद्या हॅचबॅकच्या वजनाएवढा हा भार आहे आणि तो पाच सेंटीमीटरच्या आसपास रुंदीच्या पट्ट्यांनी अंगावर घ्यायचा आहे.

अंगावर कुठे, हाच सगळा प्रश्न आहे. दोन्ही तळवे कमरेवर ठेवा आणि पुढच्या बाजूला बोटांनी दाबा. पोटाच्या खाली, दोन्ही बाजूंना हाडाचं एकेक टोक लागेल. मांडीवरचा पट्टा या दोन टोकांच्या खाली, मांडीच्या सांध्याजवळ बसला पाहिजे. ही कटीची हाडं भार पेलू शकतात. त्यांच्या दोन बोटं वर मात्र पुढच्या बाजूला एकही हाड नाही. तिथे आतडी, प्लीहा, यकृत आणि मागे कणा आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःला रॉकेटच्या स्लेडवर बांधून घेतलं आणि ताशी १,०१७ किलोमीटरवरून १.४ सेकंदांत ते थांबले. सर्वाधिक मंदन ४६.२ जी होतं. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते वाचले, कारण पट्टे हाडांवर घट्ट बसले होते.

चार पट्ट्यांचा हार्नेस गडबड करतो तो इथेच. खांद्यावरचे दोन पट्टे छातीवरून खाली येतात आणि बकलपाशी मांडीच्या पट्ट्याला जोडले जातात. धडकेत छाती पुढे झेपावते, खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि बकलला वर ओढतात. समजा दोन्हींत मिळून ६ किलोन्यूटन ताण आला. म्हणजे मांडीच्या पट्ट्याला मधोमध धरून जवळजवळ ६ किलोन्यूटननं पोटाकडे खेचलं जातंय. त्याच क्षणी कंबर सीटवरून पुढे घसरते आणि मागे कलंडते, त्यामुळे हाडाची ती दोन टोकंही पट्ट्याखाली दबतात. पट्टा हाडावरून निसटून पोटात रुततो आणि माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो. पाणबुडीसारखा खाली बुडतो म्हणून या प्रकाराला सबमरिनिंग म्हणतात.

वर जाणाऱ्या पट्ट्याला खाली कोण धरून ठेवतं? त्याचा स्वतःचाच कोन. मांडीचा पट्टा आडव्या रेषेशी ६० अंश करून खाली अँकरला, म्हणजे तो गाडीला जिथे बांधलाय त्या जागेला, जात असेल, तर ताणाचा ०.८७ भाग त्याला खाली ओढतो. तोच कोन ३० अंश झाला की फक्त अर्धा. म्हणून सरळ बसण्याच्या सीटसाठी हा कोन ४५ ते ६५ अंशांत ठेवतात. अँकर सीटच्या फार मागे गेला की कोन पडतो. पट्टा सीटच्या कडेला असलेल्या भोकातून न घेता उंच कडेवरून टाकला तर कोन आणखी बिघडतो, शिवाय तो मांडीला टेकतच नाही, कडेच्या फोमला टेकतो. धडकेत तो फोम दबतो आणि पट्टा तेवढा सैल पडतो.

दुसरा राखणदार सीटचा पुढचा चढ. कंपनीच्या सीटच्या पत्र्याला गुडघ्याकडे उंचवटा दिलेला असतो, कंबर घसरू नये म्हणून. बकेट सीटलाही तो असतो, पण बसवताना पाठ सरळ व्हावी म्हणून मागच्या बोल्टखाली वॉशरची चळत लावली की सगळी सीट पुढे झुकते आणि चढ सपाट होतो. एक सेंटीमीटरच्या वॉशरनं सुरक्षेचा निम्मा विचार पुसला जातो.

तिसरा राखणदार दोन मांड्यांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा. तो बकलला खाली बांधून ठेवतो आणि वरची ओढ तिथल्या तिथे कापतो. म्हणून रेसच्या गाडीत सहा पट्टे असतात. चारच पट्टे ठेवून हे साधायचं असेल तर वेगळी युक्ती लागते. श्रॉथ या जर्मन कंपनीच्या काही हार्नेसमध्ये एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम उसवणारी शिवण असते. धडकेत ती उसवते, तो खांदा थोडा पुढे जातो, धड वळतं आणि कंबर मागे राहते. व्होल्व्होच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये गाडीत आणलेल्या तीन टोकांच्या साध्या पट्ट्यात हे वळणं आपोआप घडतं, कारण तो एकाच खांद्यावरून जातो.

खांद्याच्या पट्ट्यांचा मागचा कोनही असाच. मागच्या सीटच्या बेल्टचे अँकर आयते सापडतात म्हणून पट्टे तिथे, खाली फ्लोअरला बांधले जातात. कोन ४५ अंश झाला तर ६ किलोन्यूटन ताणातले ४.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचारशे किलोंहून जास्त भार, जादाचा म्हणून कण्यावर उभा येतो. हाच कोन १० अंश असता तर एकच किलोन्यूटन आला असता. एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ४५ अंश ही कमाल मर्यादा आहे आणि शिफारस १० अंशांच्या आतली आहे. ते साधायचं तर खांद्याच्या उंचीवर आडवी नळी लागते, म्हणजे रोल केज, गाडीच्या आतला नळ्यांचा पिंजरा. आणि धड इतकं जखडल्यावर मोकळं राहतं ते डोकं, वर हेल्मेटचं वजन. त्यासाठी डोकं आणि मान आवरून धरणारं हान्स उपकरण आलं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: रस्त्यावरच्या गाडीत बकेट सीट लावायची तर कंपनीचा तीन टोकांचा पट्टाच ठेवावा. सहा पट्टे, केज, हेल्मेट आणि हान्स हा एकच संच आहे आणि तो ट्रॅकवरचा आहे. यातला एक तुकडा उचलून बाकीचे सोडता येत नाहीत.

आता बसवणं. जुनी सीट काढण्याआधी तीन मापं घ्या: सीटवर बसून डोळ्यांची उंची, पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का, आणि क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किती वाकलेला राहतो. नवी सीट याच मापांवर आली पाहिजे. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून किमान दहा मिनिटं थांबा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. सीटखालचे पिवळे कनेक्टर साइड एअरबॅगचे आणि पट्टा खेचणाऱ्या प्रिटेन्शनरचे असतात, त्यांत स्फोटक दारू भरलेली असते. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही. सीट गेली की साइड एअरबॅग गेली, ती परत येत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर खुपसतात. त्यानं संगणकाला एअरबॅग जागेवर आहे असं भासतं, एवढंच.

बहुतेक गाड्यांत बकल सीटच्या फ्रेमलाच जोडलेलं असतं. सीट काढली की तेही हातात येतं. नव्या ब्रॅकेटवर ते मूळ जागेवर आणि मूळ उंचीवरच आलं पाहिजे. त्याचा बोल्ट बहुधा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो, म्हणजे ११.१ मिलिमीटर. जवळपास बसतो म्हणून त्यात एम१२, म्हणजे १२ मिलिमीटरचा बोल्ट, कोंबला की आटे मरतात, आणि हे कळतं ते धडकेतच.

गाडीच्या फ्लोअरची चार भोकं एका पातळीत नसतात. गिअरच्या बोगद्याकडची बाजू आणि दाराकडची बाजू वेगवेगळ्या उंचीची असते. त्यामुळे पुण्याजवळच्या भोसरीत लेझरनं कापून आणलेली सपाट पट्टी सगळ्या गाड्यांना चालत नाही. त्या गाडीचाच ब्रॅकेट घ्या. नवीन भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली जाऊन ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा. फ्लोअरचा पत्रा सुमारे एक मिलिमीटरचा असतो. नुसत्या वॉशरवर बोल्ट कसला तर धडकेत वॉशर पत्रा फाडून वर येतो. एफआयएचं माप असं: किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी, प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटीमीटर. म्हणजे ६५ मिलिमीटरचा चौरस पुरतो. कोपरे गोल करा, नाहीतर तिथूनच पत्रा चिरतो.

बोल्ट किमान एम८, ८.८ ग्रेडचे. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती. एम८ साधारण २९ किलोन्यूटनला तुटतो. पण बोल्ट आडवा अडकून सीट धरत नाही. तो दोन पत्रे एकमेकांवर दाबतो आणि सीट त्या घर्षणानं धरली जाते. २५ न्यूटन-मीटर टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, सुमारे १५ किलोन्यूटन दाब मिळतो. ढिला बोल्ट म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे दर गतिरोधकाला सूक्ष्म सरक, आणि त्या सरकीनं तो आणखी ढिला होतो. सीटच्या कवचातल्या नटमध्ये किमान ८ मिलिमीटर आटे गेले पाहिजेत, पण बोल्ट लांब झाला तर तळाला टेकतो. ठरलेल्या जोरानं बोल्ट कसणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, "क्लिक" करतो आणि ब्रॅकेट मात्र हलत राहतो. बोल्ट हातानं पूर्ण आत घालून बाहेर किती उरतो ते मोजणं हाच यावर उपाय.

रेल दोन्ही बाजूंना लॉक होणारी घ्या. बोल्ट आधी हातानंच लावा, सीट पुढेमागे पूर्ण सरकवून बघा, मग कसा. आधीच कसलं तर दोन रेल तिरक्या राहतात आणि एका बाजूचं लॉक अर्धंच बसतं.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या घरात टॉर्क रेंच नसावा याचं मला खरोखर वाईट वाटतं. सीटवर चिकटवलेलं "एफआयए" हे लेबलही तसंच, त्यावर भिस्त ठेवण्याआधी ते वाचावं लागतं. खऱ्या लेबलवर मानक आणि निर्मितीची तारीख असते. ८८५५-१९९९ मानकाची सीट स्पर्धेसाठी साधारण ५ वर्षं ग्राह्य धरतात. पुण्याच्या नाना पेठेत स्वस्तात मिळालेल्या सीटवर हे काही नसेल, तर ती फक्त बकेटच्या आकाराची खुर्ची आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. पट्टा न लावल्याचा दंड १,००० रुपये आहे.

कसलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. दोनशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी उचलून खालच्या पाट्या बघा. प्रायमर आणि सीलर नीट लागला नसेल तर गंज पाटीच्या कडेनं, पत्र्याच्या बाजूनं आधी सुरू होतो.