‘येतंय’ हे मेंदूला कुठून कळतं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या मुलांना कन्नडही शिकावी लागते. वहीत दोन रकाने: डावीकडे कन्नड शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मने म्हणजे घर, होळे म्हणजे नदी, बेळकु म्हणजे उजेड, मळे म्हणजे पाऊस. दोनदा वाचून मूल वही मिटतं आणि सांगतं, ‘झालं पाठ.’ दुसऱ्या दिवशी मात्र ‘मळे’समोर शेतातला मळा येऊन बसतो. इथे चुका दोन झाल्या. एक अर्थाची, दुसरी ‘मला येतंय’ या निवाड्याची. दुसरी जास्त महागात पडते, कारण येतंय असं वाटलेला शब्द कोणी पुन्हा वाचत नाही.

स्वतःच्या विचारांवर लक्ष ठेवणाऱ्या या क्षमतेला अधिसंज्ञान म्हणतात. १९६५ साली जोसेफ हार्ट यांनी ती प्रयोगात पकडली. उत्तर न आठवलेल्या प्रश्नांबाबत त्यांनी लोकांना विचारलं, ‘पर्याय दिले तर ओळखाल का?’ ‘ओळखू’ म्हटलेल्या प्रश्नांत लोक खरोखरच जास्त वेळा बरोबर निघाले. शब्द जिभेवर असतो, निघत नाही. तरी तो आत आहे याची खबर मेंदूला असते.

म्हणजे आठवणं आणि आठवणीचा अंदाज घेणं ही कामं वेगळी असावीत. याचा ठळक पुरावा रुग्णांकडून आला. थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, बहुधा दीर्घकाळच्या अति मद्यपानानंतर, कोर्साकोफ विकार होतो आणि स्मृती जाते. आर्थर शिमामुरा आणि लॅरी स्क्वायर यांनी १९८६ साली या रुग्णांची इतर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशी तुलना केली. इतरांना आपण काय ओळखू याचा अंदाज बऱ्यापैकी होता. कोर्साकोफच्या रुग्णांचा अंदाजच बिघडलेला होता. उंदरांवरचा प्रयोग तर याहून स्वच्छ. वास ओळखून उंदीर डावी-उजवी बाजू निवडतो आणि बक्षिसाची वाट पाहतो. निवडीची खात्री जितकी जास्त, तितका जास्त वेळ थांबतो. डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा पुढचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तेव्हा निवड पूर्वीइतकीच अचूक राहिली, पण थांबण्याचा आणि खात्रीचा मेळ तुटला.

माणसात मुख्य धागा कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे अग्रखंडाच्या अगदी पुढच्या टोकाकडे जातो. लंडनमध्ये स्टीफन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ३२ निरोगी लोकांना ठिपक्यांची दोन चित्रं एकामागोमाग दाखवली आणि कोणत्या चित्रात एक ठिपका इतरांपेक्षा ठळक होता ते विचारलं. काठिण्य असं जुळवलं होतं की प्रत्येकाची उत्तरं साधारण ७१ टक्के बरोबर यावीत. शिवाय प्रत्येक उत्तराची खात्री १ ते ६ मध्ये सांगायची. डोळ्यांचं काम सारखं, तरी बरोबर उत्तराला जास्त आणि चुकीच्याला कमी खात्री देण्यात लोकांत मोठा फरक निघाला. ज्यांना ते चांगलं जमलं त्यांच्या या पुढच्या टोकात करडं द्रव्य (मेंदूच्या पेशींचा दाट थर) जास्त होतं. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पुढे असंही दिसलं की स्मृतीबद्दलचा अंदाज मेंदूच्या मागच्या-मधल्या भागाशी जास्त जोडलेला आहे. सगळ्या निवाड्यांसाठी एकच न्यायाधीश नाही.

मग मुलाचा निवाडा का चुकला? मेंदू आठवण थेट मोजत नाही, खुणांवरून ताडतो. त्यातली मोठी खूण म्हणजे सहजता. ‘मळे’ हा उच्चार मराठी कानाला आधीच ओळखीचा, म्हणून तो सोपा वाटतो. अर्थ पक्का झाला की नाही हे त्या ओळखीत दिसत नाही. शिवाय अर्थ समोरच लिहिलेला असताना ‘येतंय का’ विचारलं, तर मन नुकतंच वाचलेलं दाखवतं. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ साली हेच तपासलं. लगेच केलेला अंदाज आणि नंतरची परीक्षा यांचा मेळ ०.३८ होता, काही वेळाने, फक्त प्रश्नशब्द पाहून केलेल्या अंदाजाचा ०.९०. पूर्ण मेळ म्हणजे १.

घरी हे करून बघता येतं. ४० शब्द घ्या. वाचून झाल्यावर निदान दहा मिनिटं दुसरं काही करा. मग उजवा रकाना पट्टीने झाका, एकेक कन्नड शब्द पाहून ‘उद्या येईल’ची खात्री १० पैकी लिहा आणि अर्थ न पाहता पुढे जा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पट्टी जरा सरकवली की खात्री वाढते आणि सगळं मोजमाप वाया जातं. दुसऱ्या दिवशी अर्थ लिहा. ९ दिलेल्या २० शब्दांपैकी १२ बरोबर आले, तर अपेक्षा ९० टक्क्यांची आणि हाती ६०. पाचच शब्दांवर हे करू नका, एका चुकीने २० टक्के हलतात.

आणखी एक फसगत आहे. सगळ्या शब्दांना सरसकट ७ दिले आणि ४० पैकी २८ बरोबर आले, तर हिशेब तंतोतंत जुळतो, पण कोणता शब्द कच्चा आहे ते कळतच नाही. म्हणून गुणांत फरक करायला हवा: २ दिलेले शब्द खरंच जास्त चुकतात का, ९ दिलेले खरंच जास्त येतात का, ते पाहा. आणि ९ देऊनही चुकलेले शब्द आधी वेगळ्या पानावर उतरवा. बेळगावच्या मुलाच्या त्या पानावर ‘मळे’ असण्याची शक्यता बरीच आहे.