आठ हजारांचं कार्य प्रशिक्षण आणि सात हजारांची अप्रेंटिसशिप

भाचा फिटरचा आयटीआय करून बाहेर पडला तेव्हा त्याच्यापुढे दोन जागा होत्या. कारखान्यात अप्रेंटिस म्हणून महिना सात हजार, नाहीतर एका सरकारी कार्यालयात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आठ हजार. घरातले सगळे दोन्हींना अप्रेंटिसशिपच म्हणत होते. मग हजार रुपये जास्त मिळतात तिकडेच जावं, असं सगळ्यांना वाटलं यात नवल नाही. मी मात्र त्याला थांबवलं.

वरवर पाहता दोन्ही सारखंच दिसतं, हे खरं. दोन्हीकडे ठरावीक मुदत, हातात विद्यावेतन, आणि शेवटी नोकरीची हमी नाही. दोन्हीकडे तुम्ही कर्मचारी नसता, प्रशिक्षणार्थी असता. फरक समजून घ्यायचा तर पैसा कुठून येतो, ते आधी पाहावं.

कार्य प्रशिक्षण ही राज्य सरकारची योजना. २०२४ च्या जूनअखेरीच्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, जुलैत तिचा शासन निर्णय निघाला, आणि आषाढी एकादशीला पंढरपुरातल्या घोषणेनंतर लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागले. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ हजार, पदवीला दहा हजार. ही सगळी रक्कम राज्याच्या तिजोरीतून थेट उमेदवाराच्या बँक खात्यात येते. आस्थापनेला त्यात काही घालावं लागत नाही. वय १८ ते ३५ आणि महाराष्ट्राचा अधिवास, या मुख्य अटी. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये आणखी पाच महिने वाढवून मिळाली.

अप्रेंटिसशिपमागे १९६१ चा केंद्राचा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. इथे विद्यावेतन देण्याची जबाबदारी मालकाची, सरकार फक्त वाटा उचलतं. आयटीआयवाल्यांच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत हा वाटा विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण महिना दीड हजारांच्या वर नाही. पदवी-पदविकेच्या शिकाऊंसाठीची योजना वेगळी आहे, तिथे केंद्र किमान विद्यावेतनाचा निम्मा भार घेतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हे दीड हजार ठरलेल्या विद्यावेतनावर जादा मिळत नाहीत, ते त्याच रकमेतले असतात. ऑगस्ट २०२३ पासून हा वाटा थेट शिकाऊच्या खात्यावर येतो. त्यामुळे खातं आधारला जोडलेलं नसलं की कंपनीकडून पैसे कमी आले असं वाटतं, आणि राग चुकीच्या माणसावर निघतो.

आयटीआय झालेल्यासाठी सात हजार हा आकडा २०१९ च्या नियमांतला आहे, आणि तो किमान आहे. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, पुष्कळ देतातही. म्हणजे हजाराचा फरक प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

आता मला खरा महत्त्वाचा वाटतो तो भाग. कायद्याखालच्या अप्रेंटिसचा करार होतो आणि तो नोंदवला जातो. त्याच्या ट्रेडला, म्हणजे फिटरसारख्या व्यवसायाला, ठरलेला अभ्यासक्रम असतो, थिअरी असते. कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. मुदत संपल्यावर ठरलेल्या ट्रेडची अखिल भारतीय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. हा कागद देशभर चालतो. रेल्वेत तर स्वतःच्या आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, भरतीत वीस टक्के जागा राखलेल्या असतात.

कार्य प्रशिक्षणाच्या शेवटी आस्थापनेकडून प्रमाणपत्र मिळतं. अनुभवाचा दाखला म्हणून त्याला किंमत आहेच, पण ती ट्रेडची परीक्षा नव्हे. फिटरची कानस-करवत सुटली, तो सहा महिने आवक-जावक नोंदवहीत अडकला, तर हात बसायचा कधी?

म्हणून ही योजना वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. कला शाखेतून पदवी घेतलेली, तालुक्याच्या गावी राहणारी, कचेरीचं काम कधी जवळून न पाहिलेली एखादी मुलगी असेल, तर तिच्यासाठी महिना दहा हजार आणि कामाची ओळख ही फार मोठी गोष्ट आहे. तिने जरूर अर्ज करावा. ज्याच्या हातात ट्रेड आहे, त्याने मात्र आधी अप्रेंटिसशिप शोधावी, असं माझं ठाम मत आहे.

अर्जाच्या जागाही वेगळ्या आहेत. कार्य प्रशिक्षणासाठी राज्याचं महास्वयं पोर्टल, आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिपसाठी केंद्राचं अप्रेंटिसशिप इंडिया, आणि पदविका-पदवीवाल्यांना शिक्षण मंत्रालयाचं नॅट्स पोर्टल. चुकीच्या ठिकाणी नोंदणी करून महिनोन्महिने वाट पाहणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणि कंपनीने तोंडी 'तुला अप्रेंटिस म्हणून घेतो' म्हटलं, तर रुजू होण्याआधी करार पोर्टलवर नोंदवला का ते विचारा आणि त्याचा क्रमांक मागून घ्या. भाच्याला तेवढं करायला लावलं. चार दिवसांनी क्रमांक आला, मगच तो कामावर गेला.