नकुशी, सोनोग्राफी आणि हक्कसोड

22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात एकाच कार्यक्रमात 285 मुलींची नावं बदलली. तोवर कागदोपत्री त्या 'नकुशी' होत्या. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. गावांनी या बदलाला फारसा विरोध केला नाही. तो का केला नाही, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

दगडू, धोंडू ही नावं मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. नकुशीचा हेतू वेगळा. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की बारशाला आत्या तिच्या कानात हे नाव सांगायची, आणि ते ऐकायचं असायचं देवाने: मुली पुरे झाल्या. पाठीवर भाऊ आला की तीच पोर पायगुणाची ठरे, नाव मात्र तेच राही. शाळेच्या जनरल रजिस्टरला ते चढलं की दाखल्यावर, मग दहावीच्या प्रमाणपत्रावर. म्हणून नाव बदलायचं तर मुलगी शाळेत असतानाच रजिस्टर दुरुस्त करून घ्यावं लागतं. शाळा सुटल्यावर राजपत्रात नाव छापून आणायचं आणि आधार, रेशनकार्ड, बँक असा एकेक कागद बदलत बसायचं. नुसत्या समारंभातल्या प्रमाणपत्रावर काम भागत नाही.

पण नकुशी निदान जन्माला तरी येत होती. कुटुंब दोन मुलांवर आलं, तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आली, आणि चौथ्या मुलीची वेळच येईनाशी झाली. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तरीही 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे मुली सांगलीत 851 आणि साताऱ्यात 878 भरल्या. 2011 मध्ये हे आकडे 867 आणि 895 झाले. सांगली जिल्हा कोरडवाहू म्हणावा तर कृष्णाकाठी ऊस, कारखाने, पैसा सगळं आहे. तपासणीची फी परवडते ती याच घरांना. 2017 च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले 19 भ्रूण सापडले. नकुशी हे नाव विरळ झालं यात समाजाच्या मनपालटाचा वाटा किती, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

गावांनी विरोध केला नाही, कारण नाव बदलताना कुणाच्या वाट्याची गुंठाभर जमीनही हलत नव्हती. खरा अडसर बांधावर आहे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून दिला, केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून. वडील 2005 च्या त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

गावात काय होतं? वडील गेले की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये नावं लागतात, मग फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद, 15 दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. घोळ पहिल्याच पायरीवर होतो. भाऊ अर्जात बहिणींची नावंच देत नाही, किंवा ती सातबाऱ्यावर कब्जेदार सदरात न लागता 'इतर हक्क'मध्ये जातात. नाव नीट लागलंच तर हक्कसोडपत्र पुढे येतं. दिवाळीला न्यायला येणारा, साडीचोळी करणारा भाऊच समोर कागद धरतो, आणि माहेर तुटायला नको म्हणून बहीण सही करते. तिच्या सहीला लोक राजीखुशी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या सहीला नाही म्हटलं तर माहेरचं दार बंद होतं, ती राजीखुशीची कशी?

तोंडी सोडलेला हक्क कायद्याने सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. नोंदच चुकीची झाली असेल तर फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी आधी फेरफाराची नक्कल हातात हवी. ती आता ऑनलाइनही निघते, पण जिला ते जमत नाही त्या बहिणीला माहेरच्याच तलाठ्याकडे जावं लागतं, सगळ्या गावादेखत.