वस्तऱ्यावरचं 'सिल्व्हर स्टील' आलं कुठून?

जुने वस्तरे जमवणाऱ्यांच्यात हा प्रश्न फिरून फिरून येतोच, की माझ्याकडच्या वस्तऱ्यावर 'सिल्व्हर स्टील' कोरलंय म्हणजे यात चांदी आहे का हो, आणि विकला तर किती येतील. तर चांदी बहुतेक वेळा नसते, सराफाकडे नेऊन हसं करून घेऊ नका. पण ते दोन शब्द पात्यावर आले कसे ही भानगड मस्त आहे आणि तिचं एक टोक चक्क आपल्या मुंबईत आहे.

1790 च्या दशकात मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर होता. त्याने इथल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, इंग्रज या भारतीय पोलादाला 'वुट्झ' म्हणायचे. तिथल्या जॉर्ज पिअर्सन नावाच्या डॉक्टरने त्यावर प्रयोग करून 1795 मध्ये निबंध छापला आणि त्याच्या नावातच लिहिलं की हे पोलाद बॉम्बेत बनतं. आता मुंबईत कुठली आली भट्टी, मुंबई हे नुसतं पाठवणीचं ठिकाण असणार, कारण वुट्झ म्हणजे दख्खन आणि त्याच्या दक्षिणेकडचा माल, तेलंगणात निजामाबादजवळचं कोनासमुद्रम हे त्यासाठी इतकं नावाजलेलं की इराणचे व्यापारी तिथवर खरेदीला यायचे. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालायचा, तोंड बंद करायचं, तापवून वितळवायचं आणि सावकाश गार होऊ द्यायचं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, म्हणजे वस्तऱ्याला हवा तसा कडकपणा.

मुशीत पोलाद वितळवायची कला तोवर शेफील्डलाही, म्हणजे इंग्लंडातल्या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या गावाला, जमली होती, पण वेगळ्या वाटेने. बेंजामिन हंट्समन हा डॉनकास्टरचा घड्याळजी, त्याला स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद मिळेना म्हणून त्याने 1740 च्या दशकात स्वतःच खटपट करून ते बनवलं. गंमत म्हणजे शेफील्डच्या कारागिरांनी सुरुवातीला ते फार कडक आहे म्हणून नाकारलं, मग त्याने फ्रान्सला विकायला सुरुवात केली आणि फ्रेंच सुऱ्या-वस्तरे भारी निघायला लागल्यावर यांचे डोळे उघडले. जुन्या वस्तऱ्यांवर 'कास्ट स्टील' दिसतं ते या पोलादाचं नाव.

भारतात वुट्झ आहे, शेफील्डला कास्ट स्टील आहे, मग अजून काय हवं होतं? लंडनच्या स्ट्रँडवर जेम्स स्टोडार्ट नावाचा सर्जरीची हत्यारं आणि वस्तरे बनवणारा होता, तो वुट्झच्या इतका प्रेमात की दुकानाच्या कार्डावर छापायचा, हे भारतातलं पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला पसंत आहे. पण माल समुद्रापारहून येणार, मग इथेच तसं बनवता येईल का बघू म्हणून त्याने गाठला मायकेल फॅरेडे. हो तोच, विजेचा. लोहाराचा पोरगा, त्यामुळे भट्टी काही परकी नव्हती. 1819 मध्ये फॅरेडेने वुट्झ तपासलं आणि निष्कर्ष काढला की यातलं थोडं ॲल्युमिनियम आणि सिलिका हेच गुपित. साफ चुकीचं! पण चुकीच्या वाटेवरही माणसाला काय काय सापडतं बघा, कारण मग दोघांनी पोलादात दुसरे धातू मिसळायचा सपाटाच लावला, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल आणि अर्थात चांदी. चांदी पोलादात नीट मिसळतच नाही, जास्त घातली की वेगळी होऊन बाहेर येते. 500 भागाला 1 भाग इतकीच घातली तर मात्र त्यांच्या मते पोलाद फर्स्ट क्लास होतं. 1820 आणि 1822 मध्ये हे सगळं छापून आलं, 1823 मध्ये स्टोडार्ट वारला आणि फॅरेडे हळूहळू दुसऱ्या कामात गेला.

शेफील्डवाले मात्र नावावर जाम खूश. 'सिल्व्हर स्टील' चा शिक्का मारला की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं हे कळल्यावर पोलादात चांदी टाकायची गरज कुणाला होती. आजही इंजिनिअरिंगवाले ज्याला सिल्व्हर स्टील म्हणतात त्यात चांदीचा कणही नसतो, साधं हाय कार्बन स्टील ते, चकाकतं म्हणून नाव.

तर पात्यावरचं निम्मं लिखाण ही जाहिरात आहे, पण टँगवरचे बारके शिक्के तसे नाहीत, म्हणजे पातं संपून हातात धरायचा भाग सुरू होतो तिथले. मुकुटाच्या दोन बाजूंना डब्ल्यू आणि आर असेल तर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम, म्हणजे 1830 ते 1837. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया. देशाचं नाव असेल तर बहुतेकदा 1890 नंतरचा, कारण त्या वर्षीच्या अमेरिकन मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहायची सक्ती केली. आणि नेमका हाच भाग आपण पहिला घासतो! मी पहिला वस्तरा जुन्या बाजारातून आणला तेव्हा 220 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी बसलो, आरशासारखा चमकवला आणि मग कळलं की शिक्क्याचा अर्धा भाग गेला. आता तो चकचकीत आहे, बेवारस आहे.

म्हणून गंज काढायचा तर तेल लावून ठेवायचं, मऊ कापडाने लाल गंज पुसायचा, काळा डाग राहिला तर राहू दे. मशीनवर तर अजिबात धरू नका, पातं तापून निळं पडलं की टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, गेला, मग निसण्यावर कितीही पाजवा, धार टिकत नाही. कोरडं घासत असाल तर तोंडाला मास्क लावा, शेफील्डचे पाती घासणारे कारागीर ती धूळ छातीत घेऊन तरुणपणीच जायचे.

मुठीचंही बघा. शिंगाची असेल तर तेल पाजायचं, कीड लागू द्यायची नाही. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकची, असेल तर सावध, ते जुनं झालं की कुजतं, आम्लाची वाफ सोडतं आणि पात्याला गंज चढवतं, म्हणून असा नग बाकीच्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका. हस्तिदंती मूठ कुणी विकायला आणली तर हात जोडायचे, आपल्याकडे त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे.

हे सगळे नग आपल्यापर्यंत आले कसे, तर ब्लेड बदलायचा रेझर काढणाऱ्या अमेरिकन जिलेट कंपनीमुळे. 1903 मध्ये त्यांचे फक्त 51 रेझर खपले होते, पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने लाखोंनी घेतले आणि वस्तरे घरोघरी कपाटात गेले. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत ते बरेच टिकले, मग ब्लेड मोडून लावायचा वस्तरा आला.

फॅरेडेचे नमुने मात्र फेकले गेले नाहीत. फॅरेडे जिथे काम करायचा त्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लाकडी पेटीत 79 तुकडे पडून होते, ते शेवटी पोलादतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफिल्डने तपासले आणि 1931 मध्ये छापलं. हॅडफिल्ड कुठला, तर शेफील्डचा.