संडास मागे, ड्रेनेज पुढे

पुण्याच्या हद्दीत १९९७ साली ३८ गावं आली (त्यातली काही २००१ मध्ये पुन्हा वगळली), २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. गाव महापालिकेत गेलं की ड्रेनेज लाईन लगेच येत नाही. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर कधीतरी रस्ता खोदला जातो, चेंबर बसतात आणि मग प्लंबर दारात उभा राहून विचारतो, "संडास कुठल्या अंगाला?" उत्तर बहुतेक घरांत एकच असतं: मागे. आणि लाईन असते पुढे, रस्त्यात.

आमच्याकडेही तसंच झालं. संडासाची टाकी परसात, विहिरीपासून लांब म्हणून पार कोपऱ्यात. तिथून रस्त्यापर्यंत घराला वळसा घालून साठ फूट. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार धरायचा, म्हणजे दीड फूट खोली नुसत्या उतारातच गेली. सुरुवातीची खोली आणि मधल्या चेंबरचे कोपरे वेगळेच. प्लंबरने लेव्हलची पारदर्शक नळी धरली, पाणी स्थिरावू दिलं आणि म्हणाला, "दोन इंचांनी जमतंय." ते दोन इंच नसते तर मागचा संडास पाडून पुढे बांधावा लागला असता.

संडास मागे का, याचं उत्तर सेप्टिक टँकच्याही आधीचं आहे. टोपलीचा संडास (मैला खाली ठेवलेल्या टोपलीत पडायचा) घराच्या मागच्या भिंतीला असे, कारण टोपली बाहेरून ओढून काढायची आणि काढणाऱ्या माणसाने घरात पाऊल टाकायचं नाही. मुंबईच्या चाळींच्या पाठीमागे ज्या अरुंद हाऊस गल्ल्या आहेत, त्या याच येण्याजाण्यासाठी होत्या. आज तिथे पाइप, उंदीर आणि वरून फेकलेला कचरा असतो. जातीने घराचा नकाशा असा आखून ठेवला. टोपल्या गेल्या तरी संडासाची जागा तीच राहिली.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ही दोन्ही जगं शेजारी शेजारी दिसतात. पालिकेच्या गटारापासून शंभर फुटांच्या आत घर असेल आणि त्याला निचऱ्याची सोय नसेल, तर मालकाला जोडणी करायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना त्यातच मिळाला. इतर महापालिकांच्या कायद्यांतही पुढे अशी तरतूद आली. पण त्याच कायद्यात मैला वाहून नेण्यासाठीच्या कराचं नाव होतं 'हलालखोर कर' (हलालखोर म्हणजे मैला उचलणारा माणूस), आणि ज्या घराचा पाइप गटाराला जोडलेला आहे त्यालाही तो लागू होता. पाइप आला तरी करावर नाव माणसाचंच. ते बदलून मलनिःसारण कर व्हायला पुष्कळ काळ जावा लागला.

सेप्टिक टँक आपल्याकडे येण्यातही मुंबईचा वाटा आहे. फ्रान्समध्ये मूरास यांनी बंद टाकीचा प्रयोग १८६० च्या दशकात केला होता. 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झालं ते इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांच्या १८९५ च्या टाकीमुळे. पुढे दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवण्यात आलं. हे कुष्ठधाम १८९० मध्ये आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. आज ते वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय. (मराठी पोवाडे गोळा करणारे ॲकवर्थ ते हेच, हे मला या विषयाच्या निमित्तानेच लक्षात आलं.)

टाकीचं काम साधं आहे. हवा नसलेल्या पाण्यात जिवाणू मैला कुजवतात, जड गाळ खाली बसतो, वर साय धरते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. भारतीय मानकात टाकीतल्या पाण्याची खोली किमान १ मीटर आणि रुंदी ७५ सेंटिमीटर सांगितली आहे. मात्र गाळ ठरावीक काळाने उपसायचा असतो, आणि आपण टाकी तुंबेपर्यंत तिच्याकडे बघत नाही. वीस वर्षं उपसा नाही हे लोक अभिमानाने सांगतात! अशा टाकीतून शोषखड्ड्यात पाणी जात नाही, पातळ मैला जातो, आणि तिथून शेजाऱ्याच्या बोअरकडे. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर या दोन गावांनी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने सगळ्या टाक्या उपसायचं ठरवलं आणि त्या गाळावर प्रक्रियाही सुरू केली. माझ्या मते ड्रेनेजची वाट बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

उपसायचं कोणी, हा प्रश्न टोपलीबरोबर संपला नाही. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून आग्रह धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी माणसाला माणसाचा मैला उचलावा लागू नये म्हणून संडासांचेच प्रयोग केले. टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा कायदा १९९३ चा. टाकीत आणि गटारात साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरलं २०१३ मध्ये. माटुंग्यात इंजिन चालवणारा तोच वायू बंद टाकीत उतरणाऱ्याचा जीव घेतो, त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडने तर काही क्षणांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, यावरून काय ते समजावं.

लाईनला जोडलं की आपलं मैलापाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचतं असंही धरून चालू नये. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या कर्जावर आखलेल्या मुळा-मुठा प्रकल्पात दिवसाला ३९.६ कोटी लिटरची ११ केंद्रं धरलेली आहेत. केंद्र पुरं व्हायच्या आत लाईन आली तर आपली घाण परसातून निघून नदीत जाते, इतकाच फरक.

आमच्या प्लंबरने सुचवलं होतं, "टाकी राहू द्या मधेच, गाळ तिथेच बसेल." त्याने उतारही मोडतो आणि उपसाही चुकत नाही. शेवटी गाडी बोलावून टाकी रिकामी केली, मधली भिंत बाहेरूनच पहारीने पाडली, पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडली आणि थराथराने मुरूम भरला. पाच ब्रास लागला. मोरीचं पाणी पूर्वी केळीच्या आळ्यात जायचं, तेही आता चेंबरला जोडलंय. केळीला नळी लावून पाणी घालावं लागतं.